स्टार वॉर्सची कार्डं घेऊन कॉलेजची फी निघेल का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाने विचारलंय. ऑफिसातल्या अमेरिकन मित्राच्या वडिलांचं कलेक्शन विकायला निघालंय. त्यात 1977 चा टॉप्सचा (च्युइंगगमच्या पाकिटात चित्रांची कार्डं देणारी कंपनी) स्टार वॉर्स कार्डांचा पूर्ण सेट, त्याच कंपनीची 1962 ची 'मार्स अटॅक्स'ची चौदा कार्डं, केनर कंपनीच्या जुन्या बाहुल्या (पाकिटाबाहेरच्या) आणि नव्वदच्या दशकातल्या कार्डांचे, खेळण्यांचे दोन मोठे टब, सगळं मिळून 9,000 डॉलर. मुलगा आठवीत आहे. 529 प्लॅनमधून (मुलांच्या शिक्षणासाठीची टॅक्स-सवलतीची बचत योजना) पैसे काढायचे, माल घ्यायचा आणि पाच वर्षांनी विकून फी भरायची असा बेत आहे. बायको नको म्हणतेय आणि मित्र सांगतोय की 2024 मध्ये बोबा फेट या स्टार वॉर्समधल्या पात्राची एक बाहुली सव्वापाच लाख डॉलरला गेली.

वहिनींचं बरोबर आहे, निदान 529 च्या बाबतीत तरी. ते पैसे शिक्षणासाठी न वापरता काढले की जो नफा झालाय त्याच्यावर इन्कम टॅक्स लागतो आणि वर 10 टक्के दंड, म्हणजे कार्ड हातात यायच्या आधीच तुम्ही मागे. त्यामुळे हा पर्याय इथेच बाद, पुढे जे लिहितोय ते तुम्ही दुसरीकडून पैसे उभे केले असं धरून.

त्या सव्वापाच लाखाच्या बोबा फेटचं आधी बोलू, कारण असल्या एका बातमीवर लोक घरातलं सगळं जुनं सामान सोन्याच्या भावात विकायला काढतात. तो दुकानात कधी मिळालाच नव्हता, पाठीवरून रॉकेट सुटणारं ते प्रोटोटाइप, म्हणजे विक्रीआधीचा नमुना होता आणि लहान मुलांना धोका नको म्हणून केनरने ते रॉकेट रद्द केलं. तुमच्या मित्राच्या वडिलांकडचं सामान तेव्हा लाखो घरांत होतं. मित्र ज्या जावा बाहुलीचं (स्टार वॉर्समधलाच झगेवाला बुटका) एवढं कौतुक करतोय तिचा झगा, तुम्हीच लिहिलंय, कापडाचा आहे. महाग असतो तो अगदी सुरुवातीचा व्हिनाइलच्या झग्याचा, आणि त्याच्याही नकला इतक्या आहेत की जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावू नये.

आता 1977 चा सेट. पाच सिरीज, निळी, लाल, पिवळी, हिरवी, नारिंगी, प्रत्येकीत 66 कार्डं आणि 11 स्टिकर्स, एकूण 330 कार्डं. दिसायला झकास, पण टॉप्सने ती प्रचंड छापली आणि अमेरिकेतल्या पोरांनी जपूनही ठेवली, त्यामुळे ग्रेड न केलेला (कंपनीकडून तपासून दर्जाचे मार्क न घेतलेला), थोडा हाताळलेला सेट काही शे डॉलरला मिळून जातो. इंटरनेटवर एकेका कार्डाच्या ज्या किमती बघून डोळे फिरतात त्या पीएसए या ग्रेडिंग कंपनीने 10 पैकी 10 दिलेल्या, प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये बंद कार्डाच्या असतात. तुमच्या पहिल्या नंबरचं ल्यूक स्कायवॉकर हातात घ्या, उजेडात तिरकं धरा, चारही बाजूची निळी पट्टी सारखी आहे का, कोपरे टोकदार आहेत का, मागे च्युइंगगमचा डाग आहे का ते बघा. फोटोत मला डावी पट्टी उजवीच्या दुप्पट दिसतेय, म्हणजे 10 विसरा. आणि ग्रेडिंगला कार्डामागे वीसेक डॉलर तरी जातात, साध्या कार्डाला तो खर्चही निघत नाही.

टबांचं थोडक्यात सांगतो, ते फुकट देत असतील तर घ्या. नव्वदच्या दशकात सगळ्यांनाच वाटत होतं की हे सामान उद्या महाग होणार, म्हणून कंपन्यांनी भरमसाट छापलं आणि लोकांनी न उघडता कपाटात ठेवलं. 3 मे 1999 ला 'एपिसोड वन' या स्टार वॉर्स सिनेमाच्या खेळण्यांसाठी मध्यरात्री दुकानं उघडली होती, रांगा लागल्या होत्या, त्यातलं बरंचसं सीलबंद सामान आजही मूळ किमतीच्या आसपास पडून आहे. सगळ्यांनीच जपलं की दुर्मिळ काय राहणार!

या ढिगात मला खरं आवडलं ते मार्स अटॅक्स. 55 कार्डांचा सेट, पाच सेंटला पाकीट, मंगळावरचे लोक माणसांना जाळतायत वगैरे चित्रं, त्यावर पालकांनी इतकी ओरड केली की विक्री गुंडाळावी लागली, म्हणून माल कमी. पण ही कार्डं नंतर परत छापली गेलीत, 1994 मध्ये खुद्द टॉप्सनेच छापली, तेव्हा मूळचीच आहेत ना हे आधी तपासून घ्या. टॉप्सचं नाव नाही म्हणून मात्र घाबरू नका, 1962 मध्ये त्यांनी स्वतःचं नाव लपवून 'बबल्स इंक' असं छापलं होतं.

आता हिशोब. 9,000 डॉलर पाच वर्षं 5 टक्क्यांनी कुठे ठेवले तर साधारण 11,500 होतात. तेवढेच हातात यायला कार्डं कितीला विकावी लागतील? ईबे साधारण 13 टक्के कापतं, म्हणजे 13,200 ला, आणि यात पोस्टाचा खर्च, ग्रेडिंग, इन्शुरन्स काही धरलेलं नाही. नफा झालाच तर कलेक्टिबल्सवर लाँग टर्म टॅक्सचा रेट 28 टक्क्यांपर्यंत जातो, शेअर्ससारखा 15 नाही. शिवाय फीची तारीख ठरलेली असते, गिऱ्हाईक तेव्हाच येईल असं नाही. 2021 आठवतंय का, मार्चमध्ये पीएसएने महागड्या सेवा सोडून बाकी कार्डं घेणं थांबवलं इतका ढीग साचला होता, मे मध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीने मारामाऱ्यांमुळे दुकानातून कार्डं काढली, आणि ज्यांनी त्या गर्दीत घेतली त्यातले बरेच जण नंतर निम्म्यावर विकत होते.

तरीही तुम्हाला ती कार्डं मनापासून हवीत हे पत्रावरून कळतंय, आणि त्यात काही गैर नाही, फक्त ते पैसे सुट्टीच्या, हॉटेलिंगच्या बजेटमधले असू देत. मित्राला सांगा पूर्ण लॉट नको, फक्त चौदा मार्स अटॅक्स हवीत. ईबेवर 'सोल्ड' फिल्टर लावून त्याच नंबरची, तशाच कंडिशनची कार्डं गेल्या तीन महिन्यांत कितीला गेली ते काढा (मागितलेली किंमत बघू नका, मागायला काय जातंय) आणि त्या बेरजेच्या सत्तर टक्क्यांपासून बोलणी सुरू करा. यादीत 55 नंबर दिसतोय, ते चेकलिस्टचं कार्ड आहे, त्या काळी पोरं त्याच्यावर पेनाने टिक करायची, कोरं असेल तर त्याला वेगळे पैसे द्यायला हरकत नाही आणि खुणा असतील तर आकडा अजून खाली आणा.