गॅस डिटेक्टर सगळं शून्य दाखवतोय, तरी रोज गॅस देऊन तपासायचा का?

तुम्ही विचारलंय की ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) टाकीत माणूस उतरवण्याआधी चार गॅसचा मीटर सुरू केला की ऑक्सिजन 20.9 टक्के आणि बाकी सगळं शून्य येतं, शिवाय एजन्सी दर सहा महिन्यांनी कॅलिब्रेशन करून जाते, मग रोजचा खटाटोप कशाला?

मी केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. रोज तपासाच, कारण मेलेला सेन्सरसुद्धा शून्यच दाखवतो.

ऑक्सिजनचा सेन्सर सहसा लपत नाही, संपत आला की आकडा खाली येतो आणि मीटर ओरडतो. एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड), कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील गॅसचे सेन्सर मात्र गुपचूप जातात. ज्वलनशील गॅसच्या सेन्सरमधल्या तापणाऱ्या मण्याला सिलिकॉनची वाफ बाधते, आणि सगळ्यात आधी मिथेन ओळखणं बंद होतं. म्हणून तपासणीच्या सिलिंडरमध्ये मिथेनच असू द्या. लायटरचा गॅस मीटरवर कधीच सोडू नका. त्याने सेन्सर खराब होऊ शकतो, आणि एचटूएसबद्दल काहीच कळत नाही.

रोजची ती बंप टेस्ट: गॅस द्यायचा, अलार्म वाजतो का आणि आकडा सिलिंडरच्या जवळपास येतो का ते बघायचं. नापास झाला तर पूर्ण कॅलिब्रेशन.

त्यात आधी झीरो, म्हणजे स्वच्छ हवेत आकडे शून्यावर आणणं, मग स्पॅन, म्हणजे सिलिंडरचा गॅस देऊन आकडा जुळवणं. झीरो खरोखर स्वच्छ हवेतच करा. आमच्याकडे एकदा चालू जनरेटरशेजारी झीरो केलं. धुरातला कार्बन मोनॉक्साइडच मीटरने शून्य धरला आणि मोकळ्या हवेत आल्यावर उणे आकडा दाखवू लागला. त्या मीटरवर कुणी टाकीत उतरलं असतं तर, हा विचार अजून सुटत नाही.

स्पॅनला सिलिंडरच्या लेबलवरचा आकडा आणि मीटरमध्ये भरलेला आकडा ताडून बघा. सिलिंडर 25 पीपीएम (दहा लाख भागांत 25) एचटूएसचा आणि मीटरमध्ये 20 भरलेले असतील, तर 10 चा अलार्म प्रत्यक्षात 12.5 पीपीएमला वाजेल. लेबलवरची मुदतही बघा. मुदत संपलेल्या सिलिंडरमधला एचटूएस कमी झालेला असू शकतो, मग मीटर जास्त दाखवायला शिकतो. ट्यूब आखूड आणि कंपनीने दिलेलीच वापरा, एचटूएस भलत्या ट्यूबला चिकटून राहतो. पंप नसलेल्या मीटरला बहुधा मिनिटाला अर्धा लिटरचा रेग्युलेटर लागतो, पंपवाल्याला मागणीनुसार गॅस सोडणारा. तरी मॅन्युअल बघून घ्या.

हे सगळं हवेशीर जागी करा, एसी केबिनमध्ये नको, आणि बाहेर पडणारा गॅस तोंडापासून लांब सोडा. वासावर विसंबू नका. साधारण 100 पीपीएमच्या पुढे एचटूएस नाकच बधिर करतो.

एजन्सीचं सर्टिफिकेट फाइलला लावा. पण त्यानंतर मीटर पडला, भिजला किंवा त्याला जोरदार गॅस लागला, तर उतरणं थांबवून आधी कॅलिब्रेशन करा, मग ते गेल्याच आठवड्यात झालेलं का असेना.