चिरेखाणीतली लेक

प्रश्न : रत्नागिरीजवळ माझी चिरेखाण आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. जांभ्याचं वय कसं काढतात ते शिकायचं म्हणते. यावर पोट भरेल का? – एक वडील

उत्तर : तुमच्या लेकीने अवघड प्रश्न धरलाय. खालच्या काळ्या दगडाचं, म्हणजे बसाल्टचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. जांभा त्याच्यापासूनच झाला, पण कधी? पावसाने सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. ही झीज झाली तेव्हा जी नवी खनिजं तयार झाली, त्यांचंच घड्याळ वाचावं लागतं.

मँगनीजच्या क्रिप्टोमेलेन या खनिजात पोटॅशियम असतं. त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियमचा अर्धायुष्यकाल, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. त्यातून होणारा आरगॉन वायू मोजला की खनिज कधी जन्मलं ते कळतं. गोवा-कर्नाटकातल्या मँगनीजवर असं काम झालंय. जांभ्यात गोथाइट हे लोहाचं खनिज भरपूर असतं. त्यात युरेनियम-थोरियमपासून साठलेला हेलियम मोजतात, पण तो थोडा निसटतो, त्याचा हिशोब करावा लागतो. शिवाय एकाच खड्यात वेगवेगळ्या काळांचे थर असतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली कण वेचत बसणं हेच निम्मं काम. चिकाटी नसेल तर नकोच.

आता पोटाचं. फक्त कालमापनावर नोकरी शोधू नका, अशा प्रयोगशाळा मोजक्याच आहेत. आयआयटी मुंबईत आरगॉनवरून वय काढण्याची राष्ट्रीय सुविधा आहे, अहमदाबादला पीआरएल, म्हणजे भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे. पण भूविज्ञानाची पदवी घेतली तर दारं बरीच उघडतात. बी.एस्सी.नंतर ‘जाम’ ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येतं. पुढे यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा दिली की जीएसआय, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. तिथल्या भूवैज्ञानिक पदासाठी पदव्युत्तर पदवी लागते, त्यामुळे पाच वर्षांची तयारी धरून चला. खाणकाम आणि भूजल ही क्षेत्रंही आहेतच. बारावीत भौतिक, रसायन, गणित पक्कं हवं. गणित सोडू देऊ नका, हे आवर्जून सांगतो.

आणि एक करा. रविवारी तिला खाणीत न्या. वरचा कडक थर, खालची पांढरट-जांभळट माती, त्याखालचा काळा दगड दिसत असेल तर तोही, उभ्या भिंतीचं चित्र काढायला सांगा, मापांसकट. मग विचारा, ‘बाय, यातला कुठला खडा तू लॅबला पाठवशील?’ उत्तर मला जरूर कळवा.