काठ विणतात, किनार लावतात

प्रश्न असा आला आहे: ‘ब्लाउजच्या बाह्यांना लावायला रविवार पेठेतून सोनेरी तारांचं भरतकाम केलेली पट्टी आणली. दुकानदार म्हणाला ‘जरी बॉर्डर’. मी घरी ‘जरीचा काठ’ म्हटलं, तर आजी म्हणाली, हा काठ नव्हे. मग मराठीत हिला काय म्हणायचं? आणि शब्द ‘जर’ की ‘जरी’?’

आजींचं बरोबर आहे. काठ कापडाबरोबर मागावरच जन्माला येतो. पैठणीचा नारळी काठ घ्या किंवा विदर्भातल्या करवतकाठी साडीचे करवतीच्या दात्यांसारखे काठ घ्या. तिथे काठाचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं मागाचं साधन, वेगळा आणि अंगाचा वेगळा, आणि विणता विणताच दोघांची गाठ पडते. म्हणून काठ उसवता येत नाही, कापावाच लागतो. तुम्ही आणलेली पट्टी मात्र वेगळी तयार होऊन नंतर कापडावर येते. तिला ‘किनार’ म्हणावं. कडेवर दुमडून शिवलेली अरुंद पट्टी असेल तर ‘गोट’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे आणि तो मागे पडत चालल्याचं मला फार वाईट वाटतं. शंका आली तर क्रियापद लावून बघा: काठ विणतात, किनार लावतात, गोट घालतात.

गंमत म्हणजे ‘काठ’ नदीलाही असतो आणि साडीलाही. फारसीतून आलेल्या ‘किनार’चंही तसंच, पाण्याची कड आणि वस्त्राची कडही. दोन भाषांना एकच चित्र दिसलं. मराठीने दोन्ही शब्द ठेवले आणि वस्त्रापुरती कामं वाटून दिली.

विणणं आणि शिवणं हा भेद फारसीतही चोख आहे. ‘झर’ म्हणजे सोनं, आपली ‘जर’ त्यावरूनच आली. ‘बाफ्तन’ म्हणजे विणणं, त्यावरून ‘झरबाफ’, सोन्याच्या तारेने विणलेलं वस्त्र. ‘जरबाब’ हे त्याचं मराठी रूप. ‘दोख्तन’ म्हणजे शिवणं, त्यावरून ‘जरदोजी’. जरदोजीत कापड चौकटीवर ताणून धरतात, तार त्यावर ठेवून बारीक टाक्यांनी टाचतात आणि सलम्याचे, म्हणजे स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या तारेचे, तुकडे मण्यांसारखे ओवून शिवतात. तुमच्या पट्टीवर हात फिरवून पाहा. नक्षी अशी उठावाची आणि हाताने टाचलेली असेल तर ‘जरदोजी किनार’ म्हणा. यंत्राने सोनेरी दोरा भरलेला असेल तर ‘जरीची किनार’ पुरे. पैठणीच्या काठाला ‘जरदोजी’ म्हणणं साफ चूक, तो विणलेला असतो.

आता ‘जर’ की ‘जरी’. मराठीत नाम ‘जर’, स्त्रीलिंगी: खरी जर, जर काळी पडली, जर बोचते. ‘भिंत’चं ‘भिंतीचा’ होतं तसं ‘जर’चं ‘जरीचा’. त्या ‘जरीचा’मधला ‘जरी’ हाच मूळ शब्द असावा, असं वाटणं स्वाभाविक आहे आणि हिंदीतल्या ‘ज़री’ने त्याला बळच मिळालं. पण ‘जरी’ला चूकही म्हणवत नाही, ‘सोनेरी’ या अर्थाने तो आपल्या ‘जरीपटक्या’त मानाने फडकतो आहे. मी स्वतः ‘जर’च म्हणते.

‘जरतारी’ म्हणजे झर अधिक तार. ती तार करण्याचं काम ‘तारकशी’: मुलामा दिलेली चांदीची कांडी लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत केसासारखी बारीक करायची. चपटी केली की ‘बादला’, रेशमावर गुंडाळली की ‘कलाबतू’. तारकशीतला ‘कश’ म्हणजे ओढणं, आणि ‘कशिदा’ही त्याच धातूतून आला. हल्ली चांदीच्या जागी तांबं किंवा चकचकीत प्लास्टिकची पट्टीही असते, तरी तिलाही आपण जरच म्हणतो.

एक अपवाद आजींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या मला धरतील. विरलेल्या साडीचे काठ कापून नातीच्या परकराला लावले, तरी ते ‘काठ’च राहतात. लावलेले असूनही त्यांना कुणी किनार म्हणत नाही.