जनसुनावणी उधळायची, टाळायची की गाजवायची?

प्रश्न: आमच्या गावावरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, बॉक्साइटच्या खाणीचा प्रस्ताव आहे. पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी अकरा दिवसांवर आली आहे. समितीतली तरुण मुलं म्हणतात, सुनावणी उधळू, माईकच खेचून घेऊ, म्हणजे खाण आपोआप थांबेल. जाणती मंडळी म्हणतात, बहिष्कार टाका. त्यातच आम्हा सात जणांना पोलीस ठाण्यातून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची नोटीस आली आहे. 'सुनावणीच्या ठिकाणी फिरकू नये, अन्यथा कारवाई' असं तिच्यात लिहिलंय. मी समितीची सचिव आहे. जावं की नको? (रत्नागिरी जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर: ताई, जावं. नोटीस आली असली तरी जावं आणि गावाचं म्हणणं माईकवर मांडावं.

मुलांचा समज आधी दूर करायला हवा, कारण त्यात गावाचं नुकसान आहे. ही सुनावणी 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन (प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल याची आधीच तपासणी) अधिसूचनेनुसार होते. प्रस्ताव मंजूर किंवा नामंजूर करणं तिच्या हातात नसतं. लोकांचं म्हणणं नोंदवून वर पाठवायचं, एवढंच तिचं काम. निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालय किंवा राज्याचं पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण घेतं. याच अधिसूचनेच्या परिच्छेद 7 मध्ये अशी तरतूद आहे की, स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने मत मांडता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही, असा सविस्तर अहवाल गेला, तर सुनावणीशिवायच पुढे जायचं ठरवता येतं. म्हणजे तुमच्या मुलांनी खुर्च्या उलथवल्या, तर तो अहवाल लिहायला कारण मिळेल आणि गावाची बोलण्याची हक्काची जागाच जाईल.

बहिष्काराचीही तीच गत. या सुनावणीला गणपूर्तीची, म्हणजे किमान उपस्थितीची, अट नाही. गाव घरी बसलं, तरी समोर असतील तेवढ्यांची हजेरी लागते, चित्रीकरण होतं आणि इतिवृत्तात 'हरकत नाही' असा सूर उमटतो. सभात्यागच करायचा असेल तर आधी बोला, लेखी हरकत द्या, तिची पोच घ्या आणि मग उठा.

माईक ओढला तर काय होतं, हे मुलांना नीट समजावून सांगा. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. त्याच्या हातातून माईक हिसकावला, झटापट झाली, की भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागतं, म्हणजे लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. जोडीला कलम 189, बेकायदेशीर जमाव. त्याहून जड कलम 190. समान उद्देशाने जमलेल्यांपैकी एकाने केलेला गुन्हा सगळ्यांच्या माथी येतो. हात एकाचा असतो, फिर्यादीत नावं तीसजणांची आणि पुढे 'इतर अनोळखी'. त्यातल्या एखाद्याला उद्या पासपोर्ट किंवा सरकारी नोकरीसाठी पोलीस पडताळणी लागली, की हे प्रकरण तिथे निघतं. खाणीविरुद्धची ताकद मग तारखांना जाण्यात संपते. घोषणा द्या, काळ्या फिती लावा, मंडपाबाहेर फलक धरा. ते सगळं राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 मध्ये बसतं. अट एवढीच की शांततेने आणि विनाशस्त्र.

आता नोटीस. कलम 168 पोलिसांना दखलपात्र गुन्हा (ज्यात वॉरंटशिवाय अटक करता येते) घडण्याआधी रोखण्याचा अधिकार देतं. सरकारनेच बोलावलेल्या सुनावणीला हजर राहणं हा गुन्हा नाही, त्यामुळे त्या कलमाच्या आधारे तुम्हाला सुनावणीला येण्यापासूनच रोखता येत नाही. नोटीस नाकारू नका. घ्या, आणि सही करताना तिच्यावरच लिहा, 'मिळाली, मजकूर मान्य नाही', खाली तारीख आणि वेळ. मग लगेच एक पानी उत्तर द्या: मी बाधित गावची रहिवासी आहे, अधिसूचनेनुसार शांततेने मत मांडायला हजर राहणार आहे, माझ्याकडून कोणता दखलपात्र गुन्हा होण्याची भीती आहे आणि कोणत्या माहितीवरून, हे लेखी कळवावं. प्रती पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्यांना. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का हवा. टपालाने पाठवलं तर पावती जपून ठेवा.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा जमावबंदी आदेश जिल्ह्यात लागू आहे का, तेही पाहा. असला तर प्रत मागा आणि तारखा मोजा. कलम 37(3) खालची मनाई राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपलीकडे टिकत नाही. 2020 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या धरणं आंदोलनाला अशाच आदेशावर बोट ठेवून परवानगी नाकारली होती. औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं आणि एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असं बजावलं. हा निकाल हाताशी असू द्या.

उत्तर देऊनही अडवणूक होईल असं दिसलं, तर अनुच्छेद 226 खाली रिट याचिका. ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे, मुंबई गाठायची गरज नाही. पण वकिलांना आत्ताच भेटा. शेवटच्या दोन दिवसांत धावपळ केली तर प्रकरण पटलावर यायच्या आत सुनावणी उरकलेली असेल.

प्रत्यक्ष ताब्यात घेतलंच, तर हातघाई नको. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 170 खालची प्रतिबंधक अटक 24 तासांपलीकडे चालत नाही. कारण विचारा आणि घरी कळवायला सांगा, दोन्ही तुमचे हक्क आहेत. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायला अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. सातही जणांच्या लेखी हरकती आदल्या दिवशीच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दाखल करून ठेवा, म्हणजे तुम्हाला अडवलं तरी कागद आत पोहोचलेला असेल.

आता खरं काम. सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते. ती तारीख तपासा. खाणीच्या आघात मूल्यांकन अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत उपलब्ध हवा. नसेल तर आजच अर्ज करा, आणि सुनावणीत पहिलं वाक्य तेच बोला.

मग मूळ अहवाल उघडा आणि पाणी, वनस्पती, प्राणी यांच्या नोंदी कोणत्या महिन्यांत घेतल्या ते बघा. खाणींच्या अहवालासाठी सहसा पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती पुरते. आणि आपला सडा? मार्चमध्ये तो नुसता काळा कातळ. जुलैत त्यावर डबकी भरतात, तेरडा फुलतो, तिथं मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या झऱ्यात आणि विहिरीत उतरतं. म्हणून विचारा: अमुक पानावर सड्याला पडीक म्हटलंय, पावसाळ्यात कोण वर गेलं होतं? खालच्या वाडीतल्या विहिरी किती मोजल्या? आंबा मोहरावर येतो तेव्हा डंपरची धूळ किती बसेल? पान क्रमांक घालून विचारलेल्या प्रश्नाला कंपनीला उत्तर द्यावं लागतं, आणि प्रश्न व उत्तर दोन्ही इतिवृत्ताला जोडले जातात. दोनशे सह्यांच्या एका निवेदनापेक्षा घरटी वेगळी, आपल्या विहिरीबद्दल आणि आंब्याच्या कलमांबद्दल लिहिलेली हरकत मला जास्त मोलाची वाटते.

शेवटपर्यंत थांबा, रात्र झाली तरी. कामकाजाचा गोषवारा त्याच ठिकाणी मराठीत वाचून दाखवायचा आणि अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करायची, असा नियम आहे. तुमचा मुद्दा गाळला असेल, तर तिथेच उठून सांगा आणि लेखी द्या. तुमच्यातला एक जण सुरुवातीपासून मोबाइलवर चित्रीकरण करत राहू दे. मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये ठेवा, नुसती पुढे पाठवलेली प्रत पुराव्यात अडचणीची ठरते.

पुढे मंडळाच्या संकेतस्थळावर इतिवृत्त येईल, त्यावरचे आक्षेप थेट निर्णय घेणाऱ्या प्राधिकरणाला पाठवता येतात. मंजुरी मिळालीच, तर पुण्यातल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम पीठाकडे 30 दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यानंतर दार बंद. तिथे पहिल्यांदा पाहिलं जाईल ते इतिवृत्त आणि तुमच्या शिक्का मारलेल्या हरकती. नोटिशीचं उत्तर मात्र आज संध्याकाळच्या आत ठाण्यात पोहोचवा.