गणिताचं साहित्य कपाटातच का राहतं?

तुम्ही विचारलंय, की शाळेत मणी, काड्या, खेळातल्या नोटा असूनही दुसरीचे बरेच शिक्षक गणित फळ्यावरच का शिकवतात, आणि यावर काय करता येईल.

हा आळस नाही. बहुतेकांना साहित्य पटलेलं असतं, पण 'एकदा दाखवायचं, मग खरं गणित वहीत' अशी समजूत असते. शिक्षक टेबलापाशी गठ्ठा सोडून दाखवतात, मुलं लांबून बघतात आणि दुसऱ्या दिवशी वहीत ५२ − २७ = ३५ येतं. मुलानं एककात मोठ्यातून लहान वजा केलेलं असतं. मग 'साहित्यानं फरक पडत नाही, अभ्यासक्रम मागे पडतो' असं मत पक्कं होतं. खरं तर काड्या मुलाच्या हातात आल्याच नव्हत्या.

३० मुलं असतील तर पाचपाचचे सहा गट करा. प्रत्येक गटाला १० गठ्ठे आणि २० सुट्ट्या, म्हणजे १२० काड्या, एकूण ७२०. प्रत्येक गटाची पिशवी वेगळी ठेवा, नाहीतर वाटण्या-गोळा करण्यातच तासिका संपते. गठ्ठे रबरानंच बांधा, आणि तेही मुलांकडून. चिकटवलेला गठ्ठा सोडता येत नाही, आणि हातचा कळतो तो सोडण्यातूनच. नोटांची घाईही नको: दहाच्या नोटेत दहा एकक दिसत नाहीत. गठ्ठे जमले की मग नोटा.

आता ५२ − २७. पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या. सात सुट्ट्या काढायच्या आहेत, पुरत नाहीत. एक गठ्ठा सोडा. लगेच पाटीवर ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ लिहायला लावा. सात काढल्या, ५ लिहा. दोन गठ्ठे काढले, २ लिहा. प्रत्येक कृतीमागे लगेच एक नोंद, इथंच सगळी मेख आहे. सगळी कृती आधी आणि लेखन शेवटी ठेवलं, तर मुलाच्या डोक्यात ती दोन वेगळी कामं होतात.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे. 'एकोणतीस' ऐकून मूल ३९ लिहितं, कारण शब्दात तीस ऐकू येतं. इथं १०० मण्यांची माळ (दहा-दहा मणी आलटून पालटून दोन रंगांचे) काड्यांपेक्षा उपयोगी पडते. तिसाव्या मण्यानंतर चिमटा लावा, मग तो चिमटा एक मणी मागे सरकवा: तिसाला एक कमी. ३९, ४९ मुलं स्वतः शोधू देत. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात २१ चं 'वीस एक' असं वाचन दिलं, त्यावर बराच वाद झाला; तो ज्या अडचणीतून आला, ती वर्गात रोज भेटते.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं मुलांना नुसतं खेळू द्या, नाहीतर ती पुढे उदाहरण चालू असताना खेळतात. आणि काड्या एकदम बंद करू नका. आधी गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्टीसाठी ठिपका असं चित्र काढू द्या. जे मूल चित्रावर अडेल, त्याला पिशवी परत द्या.