ठिपका चार दिवस हलला नाही, म्हणजे जहाज थांबलं असं नाही

ताई, भाऊ बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) आहे, ब्राझीलहून आयर्न ओअर (लोहखनिज) घेऊन चीनला निघालाय, केप ऑफ गुड होप ओलांडल्यापासून अ‍ॅपवर जहाज चार दिवस एकाच जागी दिसतंय आणि आई जेवत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. आधी त्यांना जेवायला बसवा. या मार्गावर हे दर सफरीला होतं.

अ‍ॅपला जागा कळते ती एआयएसवरून, म्हणजे जहाज आपली ओळख आणि जागा आपोआप कळवत राहतं त्या यंत्रणेवरून. ते व्हीएचएफ रेडिओवर चालतं, त्यामुळे किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण 40-50 सागरी मैलांपर्यंतचंच ऐकू येतं. पुढचं सॅटेलाइटला ऐकू येतं, पण तो डेटा बहुतेक अ‍ॅप पैसे भरल्याशिवाय दाखवत नाहीत. तुम्ही बघताय तो शेवटचा ऐकू आलेला ठिपका. त्याखालची वेळ बघा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.

आता हिशेब. भरलेलं बल्कर 12 नॉटने, म्हणजे तासाला 12 सागरी मैलांनी धरा, म्हणजे दिवसाला 288 मैल. केपपासून इंडोनेशियातली सुंदा सामुद्रधुनी 5000 मैलांच्या आसपास. म्हणजे तिथवर पोचायलाच सतरा-अठरा दिवस लागतात. मधे मॉरिशसजवळून गेलं तर एखादा ठिपका उमटेल, नाहीतर थेट इंडोनेशियाजवळ.

डेस्टिनेशन आणि ईटीए (पोचण्याची अंदाजे वेळ) फार मनावर घेऊ नका. ते हाताने भरतात, बहुतेक वेळा सेकंड ऑफिसर. जहाज चालू आहे की नांगर टाकून उभं, हे स्टेटसही हातानेच. मी सेकंड असताना अँकर उचलून निघालो आणि गडबडीत 'अ‍ॅट अँकर' तसंच राहिलं. दोन तासांनी शेजारच्या जहाजाने व्हीएचएफवर विचारलं, "अँकर टाकून 13 नॉटने कुठे निघालात?" कॅप्टनने नुसतं माझ्याकडे पाहिलं. वेग आणि जागा मात्र जीपीएसवरून आपोआप जातात. जॅमिंगचा इलाखा, म्हणजे जिथे जीपीएसचे सिग्नल मुद्दाम बिघडवतात तो भाग, सोडला तर त्यावर भरवसा ठेवा.

आणि नावाने शोधू नका, एका नावाची चार जहाजं निघतात. सात आकडी आयएमओ नंबर घ्या, तो जहाज भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. एमएमएसआय, म्हणजे जहाजाचा रेडिओ ओळख नंबर, झेंड्याप्रमाणे (नोंदणीच्या देशाप्रमाणे) बदलतो; पहिले तीन आकडे देशाचे: 419 भारत, 538 मार्शल आयलंड्स.

तरीही चैन पडत नसेल तर मॅनिंग ऑफिसला (भावाला जहाजावर पाठवणाऱ्या ऑफिसला) फोन करा. जहाज रोज दुपारच्या जागेचा, वेगाचा, उरलेल्या अंतराचा नून रिपोर्ट कंपनीला पाठवतं. "आजचा नून रिपोर्ट आला का?" एवढंच विचारा. माझी बायको हेच विचारायची. 'नून रिपोर्ट' ऐकलं की "कळवतो मॅडम" म्हणणारा माणूस कॉम्प्युटरमध्ये बघून सांगायचा.