सहकारी बँकेचं अ‍ॅप करताय? ग्राहकाला त्यात आधी काय हवं असतं

तुम्ही लिहिलंय की जळगाव, धुळे, नंदुरबार भागात शाखा असलेल्या एका नागरी सहकारी बँकेचं मोबाइल अ‍ॅप नव्यानं करायचं आहे, संचालक मंडळाला ‘आदर्श ऑनलाइन बँक’ हवी आहे, आणि ग्राहकांना त्यात नेमकं काय लागतं ते तुम्हाला समजून घ्यायचंय. ऑनलाइन व्यवहारांच्या तक्रारी बघणं हे माझं काम, त्यामुळे मी तक्रारीच्या बाजूनं सांगतो.

तक्रार कोणतीही असो, आतला प्रश्न एकच निघतो: माझे पैसे आत्ता कुठे आहेत आणि कधी मिळतील? धुळ्याकडचा माणूस काउंटरवर येऊन ‘मना पैसा कथा ग्यात?’ एवढंच विचारतो. ह्याचं उत्तर अ‍ॅपनं मराठीत, तारखेसकट दिलं की माणूस शाखेत येत नाही आणि बँकही बदलत नाही. व्याजदर, रंगसंगती, कॅशबॅक हे सगळं त्याच्या बरंच नंतर येतं.

सगळ्यात जास्त ताप होतो तो पैसे कट झाले पण समोर पोचले नाहीत ह्या प्रकाराचा. यूपीआय व्यवहारात पाठवणाऱ्याची बँक, एनपीसीआय (यूपीआय चालवणारी मधली संस्था) आणि घेणाऱ्याची बँक असे टप्पे असतात. तुमच्या बँकेनं खात्यातून रक्कम वजा केली आणि समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, की व्यवहार मधेच लटकतो. अशा वेळी बहुतेक अ‍ॅप नुसतं ‘पेंडिंग’ दाखवतात. दुकानदार समोर उभा, मागे रांग, म्हणून ग्राहक पुन्हा पाठवतो आणि दोनदा पैसे जातात. तिथे असा मजकूर हवा: ‘₹४,२०० तुमच्या खात्यातून वजा झाले आहेत. समोरच्या बँकेत अजून जमा झालेले नाहीत. पुन्हा पाठवू नका. उद्यापर्यंत जमा होतील किंवा तुमच्या खात्यात परत येतील.’ खाली बारा अंकी व्यवहार क्रमांक, तो कॉपी करायचं बटण आणि तक्रारीचं बटण, तिन्ही त्याच पडद्यावर. मेनूत शोधायला लावू नका.

‘उद्यापर्यंत’ हे मनानं लिहायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदती ठरलेल्या आहेत. यूपीआयनं खात्यावर पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवस (मग पडद्यावरही ‘उद्यापर्यंत’ऐवजी तसंच लिहायचं), एटीएममधून नोटा न येता रक्कम कट झाली तरी पाच दिवस. मुदत उलटली की रोजचे १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकानं मागण्याची वाट न बघता बँकेनं स्वतःहून जमा करायची. माझं स्पष्ट मत आहे की ही भरपाई स्टेटमेंटमध्ये ‘उशिरा परताव्याची भरपाई’ अशा नावानं दिसली पाहिजे. नियम पाळणारी बँक ग्राहकाला दिसते ती अशा एका ओळीतून.

इथे छोट्या सहकारी बँकांची एक खास अडचण आहे. तुमची बँक यूपीआयला थेट जोडलेली नसेल, एखाद्या मोठ्या स्पॉन्सर बँकेमार्फत असेल, तर बिघाड त्यांच्याकडे झाला तरी शिव्या तुमच्या शाखेला पडतात. करार करताना ताळमेळाची, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जुळवायची, फाइल दररोज किती वाजता मिळणार आणि वादातल्या व्यवहारांची स्थिती तुमच्या अ‍ॅपपर्यंत कशी पोचणार, हे लिहून घ्या. दुसरी गोष्ट रात्रीच्या ‘डे एंड’ची. हिशेब बंद करताना काही बँकांची सिस्टिम काही वेळ उत्तरच देत नाही, आणि रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या गाड्या भरून निघायची वेळ बरेचदा तीच असते. गाडीवाल्याला भाड्याचा अ‍ॅडव्हान्स द्यायचा आणि अ‍ॅप गोल-गोल फिरतंय. डे एंड चालू असतानाही व्यवहार घेणारी सोय करता येते, विक्रेत्याकडे ती मागा. ती येईपर्यंत निदान बंदची वेळ अ‍ॅपवर आधी जाहीर करा.

आता दुसरा मोठा विषय, अनुदानाचे पैसे. पीएम किसानचा २,००० चा हप्ता असो की लाडकी बहीणचे १,५००, आधारवर आधारलेली रक्कम खाते क्रमांक बघून येत नाही. एनपीसीआयच्या नोंदीत त्या आधारसमोर शेवटी ज्या बँकेचं नाव जोडलं गेलं, त्या बँकेत ती जाते. घोटाळा होतो तो असा: बाईंनी कुणाच्या सांगण्यावरून मोबाइलवर दुसऱ्या बँकेचं खातं उघडलं, संमतीच्या चौकटीवर टिक केली, आणि नोंद तिकडे सरकली. मग बाई जुन्या खात्याचं पासबुक छापून बघतात, पैसे नाहीत. त्यात ‘आधार लिंक आहे ना?’ ह्या प्रश्नाला शाखा ‘आहे’ म्हणते, कारण केवायसीसाठी आधार खात्याला जोडलेलं असतंच. ती वेगळी गोष्ट आणि अनुदानासाठीचं सीडिंग, म्हणजे एनपीसीआयकडची ही नोंद, वेगळी. अ‍ॅपमध्ये एकच पान द्या: ‘सरकारी पैसे कोणत्या बँकेत येतील?’ उत्तरात बँकेचं नाव आणि कधीपासून ते, आणि बदलायचं असेल तर संमतीचं बटण. ही स्थिती आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्येही दिसते, पण तिथे आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी लागतो आणि नंबर बदललेल्यांची गाडी तिथेच अडते. आणि तुमचं स्वतःचं खातं उघडताना ही टिक आधीपासून लावून ठेवू नका, ती ग्राहकालाच लावू द्या.

अंगठा लावून पैसे काढणारे तुमचे ग्राहक अ‍ॅप उघडणार नाहीत, तरी ऑनलाइन बँकेत त्यांचा विचार हवा. कापूस वेचणाऱ्या, मिरची खुडणाऱ्या हातांचे ठसे झिजतात आणि यंत्र घेत नाही. बँक मित्राकडे, म्हणजे गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीकडे, चेहऱ्यावरून पडताळणीची सोय ठेवा. व्यवहार फसला आणि रक्कम कट झाली तर इथेही पाच दिवसांचीच मुदत आहे, पण यंत्रावर ‘फेल’ आलं की ग्राहकाला पावतीच मिळत नाही आणि तक्रारीला आधार राहत नाही. फसलेल्या व्यवहाराचीही पावती आणि मराठी एसएमएस सक्तीचा करा.

फसवणुकीबद्दल बँका इशारे भरपूर देतात, ‘ओटीपी सांगू नका’ वगैरे. ग्राहकाला त्यापेक्षा हवं असतं ते घटना घडल्यावर लगेच हाताशी येणारं काहीतरी. ‘सगळं बंद करा’ हे बटण लॉगिनच्या आधीच्या पडद्यावर ठेवा. एका दाबात यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग आणि आधारवरून होणारी रक्कम काढणी, चारही थांबली पाहिजेत. फोनच चोरीला गेला तर अ‍ॅपचा उपयोग नाही, म्हणून तेच काम कोणत्याही दुसऱ्या फोनवरून कॉल करून होऊ द्या आणि तो क्रमांक पासबुकच्या मागच्या पानावर ठळक छापा. लोक बँकेचा नंबर गूगलवर शोधतात आणि ठगाला फोन लावून बसतात, हे नेहमीचं झालंय. बँकेचं संकेतस्थळ डॉट बँक डॉट इन ह्या पत्त्यावर आणि सेवेचे कॉल १६०० नं सुरू होणाऱ्या क्रमांकावरून, हेही ग्राहकाला दोन वाक्यांत समजावून सांगा.

तक्रार नोंदवण्याच्या वेळेला इथे पैशाची किंमत आहे. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली आणि सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी तसं परिपत्रक काढलं. चूक ग्राहकाचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, अशा प्रकरणात बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर शून्य बोजा. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० आणि मूलभूत (शून्य शिल्लक चालणाऱ्या) बचत खात्याला ५,०००. ग्राहकानं स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून तक्रार नोंदवल्याची तारीख, वेळ आणि क्रमांक त्याच क्षणी एसएमएसनं गेला पाहिजे. नंतर वाद होतो तो ‘मी कधी कळवलं’ ह्यावरच. बटणाशेजारी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांकही द्या. तिथे जितक्या लवकर फोन जाईल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

ह्याच व्यवस्थेची दुसरी बाजू व्यापाऱ्यांना छळते. फसवणुकीचे पैसे चार खात्यांतून फिरत फिरत कापसाच्या व्यापाऱ्याकडे किंवा सराफाकडे खऱ्याखुऱ्या मालाच्या बिलापोटी आले, की परराज्यातल्या एखाद्या पोलीस ठाण्याची नोंद येते आणि खातं फ्रीज होतं. त्याला कळतं केव्हा, तर मजुरांचा पगार पाठवताना. शक्य तिथे पूर्ण खात्याऐवजी वादातल्या रकमेवरच होल्ड लावा, आणि अ‍ॅपमध्ये लिहा: किती रक्कम, कोणत्या तारखेच्या कोणत्या जमेमुळे, तक्रारीचा पोचक्रमांक, कोणतं ठाणं, आणि कोणती कागदपत्रं कुठे पाठवायची. बिल, वजनपावती आणि खरेदीदाराचा तपशील अपलोड करायची जागा त्याच पानावर असली तर त्याची अर्धी धावपळ वाचते.

मोठ्या रकमा पाठवताना ग्राहकानं आयएमपीएस की एनईएफटी हे ठरवायची गरजच काय? त्यानं रक्कम आणि खातं टाकावं, मार्ग अ‍ॅपनं सुचवावा. यूपीआयनं माणसाला पाठवायची सर्वसाधारण मर्यादा एक लाखाची, आयएमपीएसची पाच लाखांची, आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे. एनईएफटी अर्ध्या अर्ध्या तासाच्या गटांनी चालतं, डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, आणि बचत खातेदाराला ऑनलाइन फुकट. पडद्यावर फक्त ‘साधारण किती वाजता पोचेल’ आणि ‘शुल्क किती’ हे असू द्या. खाते क्रमांक टाकल्यावर समोरच्याचं नाव दिसलंच पाहिजे. एनईएफटी-आरटीजीएससाठी ही सोय एप्रिल २०२५ पासून द्यायची आहे. नवीन खात्यावर २४ तास काहीच पाठवता येत नाही असं कुलूप लावण्यापेक्षा पहिल्या दिवशी ठरावीक मर्यादेपर्यंत जाऊ द्या. आणि ती मर्यादा ग्राहकाला स्वतः कमी-जास्त करता यावी: कमी केली तर तत्काळ, वाढवली तर काही तासांनी लागू. ठगानं फोनवर बोलत बोलत मर्यादा वाढवून घेतली तरी तेवढ्या तासांत घरचं कुणीतरी जागं होतं.

भाषेबद्दल थोडक्यात. नुसती बटणं मराठीत करून भागत नाही. स्टेटमेंटमधला तपशील, चूक दाखवणारे संदेश आणि शुल्काचं कारण मराठीत हवं. यंत्राकडून केलेलं भाषांतर शाखेतल्या अनुभवी कॅशिअरला वाचायला द्या, तो दहा मिनिटांत चुका काढेल.

नोंदणीच्या वेळी अडखळतात ते सिमवर. यूपीआय सुरू करताना फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो. दोन सिम असली की तो चुकीच्या सिममधून जातो, नाहीतर रिचार्ज संपलेलं असतं. ‘नोंदणी अयशस्वी’ असं न लिहिता ह्यातलं कोणतं कारण आहे ते सांगा. डेबिट कार्ड नसलेल्याला आधारवरून पिन ठरवता येतो, ती वाट दाखवा. साध्या फोनवाल्यांसाठी *९९# ही इंटरनेटशिवाय चालणारी सेवा आहे, त्यात एका वेळी पाच हजारांपर्यंत पाठवता येतात.

ठेवींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आपल्या भागात लोक तोंडावर विचारतात, आणि पतसंस्थांत पैसे अडकलेले पाहिल्यावर ते विचारणारच. ठेव विम्याचं पाच लाखांचं संरक्षण नागरी सहकारी बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. मुद्दल आणि व्याज धरून, एका ठेवीदाराची एका बँकेतल्या सगळ्या शाखांतली खाती मिळून पाच लाख, हे ठेवीच्या पानावर स्वच्छ लिहा. नॉमिनीचं नाव नोंदलेलं आहे की नाही, तेही तिथेच दिसू द्या.

तक्रारीच्या पानावर शेवटची पायरीही लपवू नका: ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं, चौकशीचा क्रमांक १४४४८. छोट्या नागरी सहकारी बँकांसाठी कोणती खिडकी लागू आहे ते तुमच्या कायदा विभागाकडून तपासून मगच छापा.

अ‍ॅप खुलं करण्याआधी एक चाचणी नक्की घ्या. तीन-चार वर्षं जुना अँड्रॉइड फोन धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या रेंज येते-जाते अशा गावात न्या, पैसे पाठवताना पिन टाकल्यावर लगेच डेटा बंद करा, दोन मिनिटांनी चालू करा आणि अ‍ॅप उघडा. पैसे गेले की नाही, हे अ‍ॅप न विचारता पहिल्याच पडद्यावर सांगत नसेल, तर तारीख पुढे ढकला.